फ्रेम नंबर २०

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी टिटवाळ्याला मामाकडे साफसफाई चालली होती. लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, जुन्या पासबुकांच्या खाली एक सीडी सापडली. तिच्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'आरे – फायनल – खरंच फायनल'. अक्षर ताईचं होतं. मामी म्हणाली, "टाकू का गं ही?" ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "टाक." मी ती गुपचूप माझ्या बॅगेत घातली.

ताई म्हणजे माझी मामेबहीण. मामा दुग्धविकास खात्यात होता आणि आरे कॉलनीत त्याला सरकारी क्वार्टर होतं. आम्ही जोगेश्वरीच्या चाळीत राहायचो. मे महिन्याची सुट्टी लागली की आई मला आरेत सोडून यायची आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात घ्यायला यायची. ज्यांनी आरे फक्त मेट्रोच्या बातम्यांत पाहिलंय त्यांना सांगतो, हे मुळात म्हशींसाठी वसवलेलं गाव आहे. शहरभर विखुरलेले तबेले एका जागी आणावेत म्हणून १९४९मध्ये ही दूध वसाहत सुरू झाली. तीन हजारांहून जास्त एकर जमीन, तबेल्यांची युनिट्स, त्यांना नंबर, गवताची कुरणं आणि कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स. आणि या सगळ्याच्या आधीपासून तिथे राहणारे आदिवासी पाडे. आज २७ पाडे मोजतात.

२००६च्या सुट्टीत मी नऊ वर्षांचा होतो. ताई बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी गोरेगावात 'मल्टिमीडिया'चा क्लास करत होती. तेव्हा प्रत्येक स्टेशनबाहेर असा एक तरी क्लास असायचा. काचेवर डायनासोरचं चित्र आणि खाली 'शंभर टक्के नोकरी'. मामानं पीएफमधून कर्ज काढून फी भरली होती आणि एक असेंबल्ड कॉम्प्युटर घरी आणला होता. त्याला शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. रात्री जेवणं झाली की ताई ते कव्हर काढायची आणि मी स्टूल ओढून शेजारी बसायचो. ती फ्लॅश शिकत होती.

फ्लॅश म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. शाळेच्या लॅबमध्ये सर बाहेर गेले की आपण ब्राउझरमध्ये जे गेम खेळायचो, ते बहुतेक त्यात बनलेले असायचे. मूळ सॉफ्टवेअरचं नाव होतं फ्यूचरस्प्लॅश. १९९६च्या शेवटी ते मॅक्रोमीडियानं घेतलं आणि त्याचं फ्लॅश झालं. २००५मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीनं विकत घेतली. चित्र, आवाज, अक्षरं आणि थोडा कोड हे सगळं एकाच खिडकीत एकत्र बांधता यायचं, आणि हे काम प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही जमायचं. असल्या सॉफ्टवेअरना 'ऑथरिंग' म्हणतात.

ताईनं मला ते ज्या क्रमानं समजावलं, त्याच क्रमानं मी आजही कुणाला समजावेन. मधली पांढरी जागा म्हणजे स्टेज. वर आडवी पट्टी आहे ती टाइमलाइन, डावीकडून उजवीकडे वेळ जातो. पट्टीतला एकेक चौकोन म्हणजे एक फ्रेम. ज्या फ्रेमवर तू काहीतरी बदलतोस ती कीफ्रेम. पहिल्या फ्रेमला म्हैस डावीकडे, चोविसाव्याला उजवीकडे; मधलं चालणं सॉफ्टवेअर भरतं, त्याला ट्वीन म्हणायचं. एकच झाड पन्नास वेळा लावायचं असेल तर पन्नास वेळा काढायचं नाही. एकदा काढायचं, त्याचं सिंबॉल करायचं आणि लायब्ररीतून ओढत राहायचं. पुढे कॉलेजात 'क्लास आणि ऑब्जेक्ट' शिकवायला लागले तेव्हा अर्धा वर्ग गोंधळला होता. मला ताईचं झाड आठवलं आणि पुढे अडलं नाही.

तिची एक वहीही होती. ताई मराठी माध्यमातली. क्लासमधले सर इंग्रजीत भराभर बोलायचे, म्हणून ती कोडसुद्धा देवनागरीत उतरवून घ्यायची : 'ऑन रिलीज – कंस – गोटू अँड स्टॉप – वीस – कंस बंद'. म्हणजे बटण दाबून सोडलं की विसाव्या फ्रेमवर जा आणि थांब. हा मी वाचलेला पहिला प्रोग्राम. मी आज पैशांचे व्यवहार हलवणाऱ्या सिस्टिमचा कोड लिहितो, त्याची सुरुवात त्या वहीपासून आहे.

तिचा शेवटचा प्रोजेक्ट होता 'आमचं आरे'. एक नकाशा. गोरेगावकडचं गेट, पिकनिक पॉइंट, छोटा काश्मीरचं तळं, तबेला, क्वार्टर्स, आणि एका कोपऱ्यात पाडा. कशावरही क्लिक केलं की ते उघडायचं. तबेल्यात म्हैस हंबरायची. क्वार्टरवर क्लिक केलं की एक मुलगा ओरडायचा, "दूध आलंऽऽ!" तो मुलगा म्हणजे मी. कॉम्प्युटरच्या पांढऱ्या माइकमध्ये अकरा वेळा ओरडलो होतो.

मराठी अक्षरांचा मोठा घोळ होता. त्या वेळच्या फ्लॅशला देवनागरी नीट जुळवता यायची नाही, काना-मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटायची. म्हणून ताई जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप करायची आणि मग 'ब्रेक अपार्ट' करायची. तसं केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. नंतर चूक दुरुस्त करता येत नाही. तिच्या नकाशावर 'पिकनीक पॉइंट' असं दीर्घ राहून गेलं. परीक्षकानं त्याचे दोन मार्क कापले.

सीडी वाचायला माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नव्हता. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा एक आणला. तीनदा अडकून चौथ्यांदा सीडी उघडली. आत तीन फाइल होत्या. मूळ फाइल, जिच्यात बदल करता येतात, ती कॉपी होताना दर वेळी मध्येच थांबायची. तिच्या भागावर ओरखडा होता. पण तयार झालेली फाइल उतरली.

ती चालवायची कशात, हा पुढचा प्रश्न. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरला पाठिंबा देणं बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरनंच फ्लॅशच्या फाइल चालवायला नकार दिला. वीसेक वर्षांत लोकांनी बनवलेले गेम आणि गोष्टी एका तारखेला गप्प झाल्या. सुदैवानं 'रफल' नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे. रस्ट भाषेत काही लोकांनी फ्लॅश प्लेअरची नक्कल लिहिली आहे, ती जुन्या फाइल आजच्या ब्राउझरमध्ये चालवते. मी फाइल त्यात ओढली. नकाशा आला. कुठलाही फाँट नसताना सगळी मराठी अक्षरं जशीच्या तशी दिसत होती, कारण ताईनं ती कधीच फोडून चित्रं करून ठेवली होती. 'पिकनीक'सुद्धा तसंच. क्वार्टरवर क्लिक केलं तर नऊ वर्षांचा मी ओरडलो. माझ्या रूममेटनं हेडफोन काढून विचारलं, "काय झालं?"

मग मी पाड्यावर क्लिक केलं. पांढरी फ्रेम आली. मध्ये लिहिलेलं, 'लवकरच येत आहे'. ही ती विसावी फ्रेम.

ताईला व्हिडिओ कॉल करून स्क्रीन दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टाक म्हणाले होते ना मी?"

क्लासनंतर तिला एका स्टुडिओत काम लागलं होतं. वेबसाइटच्या बाजूला लुकलुकणाऱ्या जाहिराती बनवायच्या. रात्री उशीर व्हायचा. आरेत तेव्हा दिवे कमी आणि बिबट्याची भीती खरी, मामा गेटपर्यंत टॉर्च घेऊन जायचा. आठ महिन्यांनी तिनं सोडलं. मग एका पतपेढीत नोकरी, मग लग्न. एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही ते सांगितलं, तेव्हा ताईची मुलगी महिन्याची होती. मामानं दुसरं कर्ज काढलं नाही. आणि काही वर्षांनी माझ्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी मात्र आमच्या घरात सगळ्यांनी, मामानंसुद्धा, हात सैल सोडला. हे आमच्यात कधी कुणी बोललेलं नाही. मी त्या दिवशी बोलायला गेलो तर ताईनं विषय बदलला. "ते सोड. ती विसावी फ्रेम आता भरता येईल का?"

अशी सुरुवात झाली. आम्हाला दोघांनाही नव्यानं शिकायचं होतं. मी रोज कोड लिहितो, पण लोकांना दिसेल असं मी कधीच काही बनवलेलं नाही. माझ्या कामाचा परिणाम म्हणजे कुठेतरी एक हिरवी टिक येते.

पैसे देऊन मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही हे ठरलं होतं. आम्ही ट्वाइन निवडलं. क्रिस क्लिमस नावाच्या माणसानं २००९मध्ये आणलेलं, फुकट आणि मुक्त. ते मुळात फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्यासाठी आहे. निळसर कागदावर चौकोन दिसतात, एकेक चौकोन म्हणजे गोष्टीचा एक तुकडा. शब्दाभोवती दोन-दोन चौकटी कंस घातले की त्या नावाचा नवा चौकोन तयार होतो आणि दोघांमध्ये बाण येतो. शेवटी एक एचटीएमएल फाइल मिळते, ती कुठल्याही फोनवर उघडते. देवनागरी ब्राउझरच जुळवतो, त्यामुळे ब्रेक अपार्ट नाही. ताईनं पहिल्याच दिवशी 'पिकनिक' ऱ्हस्व लिहून घेतलं. मग म्हणाली, "पण यात टाइमलाइन कुठंय? यात वेळच नाही." खरं होतं. ट्वाइनमध्ये जागा आहे, वेळ नाही. म्हटलं, वेळ आपण आवाजातून आणू.

सुरुवातीला आपटलो ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ट्वाइनमध्ये 'प्ले' दाबलं की फोटो दिसत नाहीत. फाइल पब्लिश करून फोटोंच्या फोल्डरशेजारी ठेवली की दिसतात. फोनच्या ब्राउझरमध्ये आवाज आपोआप वाजत नाही, आधी वाचणाऱ्याचं बोट कुठेतरी लागावं लागतं. फाइलची नावं पहिल्या दिवसापासून नीट द्यावीत, नाहीतर 'नवीन ऑडिओ ७' शोधण्यात रविवार जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेबवर वापरलं तर ट्वाइन तुमचं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवतं, दुसरीकडे कुठेही नाही. मी ऑफिसचं काहीतरी तपासताना सवयीनं ब्राउझरचा सगळा डेटा साफ केला. चौदा चौकोन गेले. त्यातले नऊ ताईनं पतपेढीतून आल्यावर, भाजी फोडणीला टाकून लिहिलेले. बॅकअप का घ्यावा यावर मी ज्युनिअर पोरांना व्याख्यानं देतो. ताईला फोन करायला मला दोन दिवस लागले.

ती म्हणाली, "माझी सीडी एकोणीस वर्षं टिकली रे." एवढंच. मग तिनं परत लिहिलं, आणि या वेळी रोज रात्री स्वतःच फाइल डाउनलोड करून मला मेल करायला लागली.

खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. माझ्या डोक्यात होतं, नकाशावर एक सरकपट्टी ठेवायची. डावीकडे २००६, उजवीकडे आज. मध्ये ऑक्टोबर २०१९. चार तारखेला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री कारशेडच्या जागेवर झाडं कापायला सुरुवात झाली, आणि सात तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. बोट सरकवलं की झाडं एकेक करून नाहीशी होतील, असा कोड मी एका संध्याकाळी लिहिलासुद्धा. छान चालत होता.

ताईनं तो दोनदा सरकवून पाहिला. "यात मजा वाटते," ती म्हणाली. "झाडं घालवायला. परत आणायला. परत घालवायला. तुला कळतंय का?"

मी चिडलो. म्हटलं, निदान मी यावर काही बोलतोय तरी. ती म्हणाली, "त्या रात्री तू काय केलंस?" मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या रात्री मी पवईच्या ऑफिसात होतो, तिथून आरे किती लांब आहे ते मुंबईकरांना सांगायला नको. मी एक स्टोरी टाकली आणि कॅब करून घरी गेलो. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो सुरू झाल्यापासून मी रोज तीच घेतो, कारण माझं आताचं ऑफिस बीकेसीत आहे आणि माझा रोजचा एक तास वाचतो. हे मी इथे लिहितोय कारण ती सरकपट्टी मी बनवली असती तर हे त्यात कुठेच आलं नसतं. सरकपट्टी काढून टाकली. तारखा ठेवल्या, साध्या मजकुरात.

राहिली विसावी फ्रेम. ताई आरेत बावीस वर्षं राहिली, पण पाड्यात ती कधी गेली नव्हती. पाडा तिच्या दारात यायचा. एक मावशी पावसाळ्यात टोपलीतून रानभाज्या घेऊन क्वार्टर्समध्ये फिरायची. मामी दारातच बसून तिच्याशी घासाघीस करायची. ताई म्हणाली, "मी ती फ्रेम वेळेअभावी सोडली असं परीक्षकाला सांगितलं होतं. खरं म्हणजे तिथं काय काढायचं तेच मला माहीत नव्हतं."

या वर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. मावशी सापडली. थकली होती, पण ताईला ओळखलं. माझ्या गळ्यातला कॅमेरा आणि हातातला फोन बघून तिचा नातू आधी बाहेर आला. "सर्वे आहे का?" त्याचा पहिला प्रश्न. मी समजावलं, सर्वे नाही, एक नकाशा करतोय, मोबाइलवर चालणारा. नकाशा हा शब्द ऐकल्यावर तो आणखी गंभीर झाला. इथे जो कुणी नकाशा घेऊन येतो तो पुढे काय घेऊन येतो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलंय. माझ्यासाठी नकाशा म्हणजे एक मेनू होता. मी कॅमेरा बॅगेत ठेवला.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. ताईला म्हणाली, "आवाज घे बाय. घर नको दाखवू. नाव पण नको. आवाज घे."

मग पाऊण तास ती बोलली. शेवळं कुठल्या पावसाला येतात, टाकळा कधी खुडायचा, कोवळा कुर्डू कसा ओळखायचा, करटोलीचा वेल कुठे चढतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता, कोंबडी मध्येच ओरडत होती, आणि मावशीला खोकला होता.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत टाकलं. तेही फुकट मिळतं, आणि आवाजाच्या कामाला कुणीही त्यापासूनच सुरुवात करावी. त्यात एक सोय आहे : नुसत्या खरखरीचा तुकडा निवडून दाखवला की तसला आवाज ते सगळीकडून कमी करतं. मी पावसाचा तुकडा दाखवला. पाऊस गेला. दुसरी सोय मधली शांतता कापते. तीही वापरली. खोकले हातानं काढले. पाऊण तासाची छत्तीस मिनिटं झाली आणि मी समाधानानं ताईला पाठवली.

तिचा फोन आला. "ही बाई कोण आहे?"

"म्हणजे?"

"मावशी अशी बोलत नाही. ती आठवून बोलते. तू तिचं आठवणं कापून टाकलंस."

मूळ फाइल मी या वेळी ठेवली होती, एवढं शहाणपण आलं होतं. परत सुरुवात केली. पाऊस ठेवला, खोकला ठेवला, थांबणं ठेवलं. फक्त भाजीप्रमाणे तुकडे केले. कापायचं कुठे ते ताई सांगायची, मी कापायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि "इथे" म्हणायची. आठ महिने जाहिराती लुकलुकवून पंधरा-सतरा वर्षं पतपेढीत पावत्या फाडणाऱ्या बाईचा कान इतका पक्का असेल, हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं.

आरेला लागूनच फिल्मसिटी आहे. तिला आता दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. फाळक्यांनी कॅमेरा आणल्यावर 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक छोटी फिल्म केली होती, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची. थोड्या थोड्या अंतरानं एकेक चौकट टिपायची. भांडवल देणाऱ्याला पटवायला ती उपयोगी पडली. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी पण झाडापासूनच सुरुवात केली."

आता आमच्या नकाशावर पाडा नाही. तो कोपरा नुसता हिरवा आहे, तिथे क्लिक होत नाही. क्वार्टर उघडलं की "दूध आलंऽऽ" ऐकू येतं, आणि तुम्ही दारात थोडा वेळ थांबलात तर एक ओळ उमटते : 'बाहेर कुणीतरी टोपली घेऊन आलंय'. त्यावर बोट ठेवलं की मावशीचा आवाज सुरू होतो. ती पूर्वी जशी यायची तशीच येते. नाव नाही, घर नाही. ही ताईची कल्पना. त्या ओळीचा उशीर मी कोडमध्ये सात सेकंदांचा ठेवला आहे. टाइमलाइन नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आमची वेळ एवढीच.

गणपतीनंतर नातवाच्या फोनवर फाइल पाठवली आणि पुढच्या रविवारी ताईबरोबर गेलो. मावशीनं फोन कानाला लावला, कॉल असल्यासारखा. सगळ्या भाज्या ऐकल्या. स्वतःच्या खोकल्यावर हसली. मग फोन खाली ठेवला आणि ताईकडे बघून म्हणाली, "शेवळात काकडं घालायचं राहिलं बाय. नुसती शेवळं कुणी खाल्ली तर घसा खाजल. लोकं मला शिव्या देतील."

मी मूळ रेकॉर्डिंग तपासलं. ती काकडांबद्दल बोललीच नव्हती, कापताना काही गेलेलं नाही. ताईनं तिथेच फोन काढला, मावशीच्या पुढ्यात धरला आणि मला म्हणाली, "तू बोलू नकोस आता."

नवी फाइल तिनं काल रात्री मेल केली. नाव दिलंय, 'आरे – फायनल – काकडांसकट'.